सॅटेलाइटवरून डिजिटल आवाज: आधी पाईप बघा, मग मोड ठरवा

गेल्या काही महिन्यांत मला हॅम रेडिओ म्हणजे हौशी वायरलेस करणाऱ्या किमान चार जणांनी सेम प्रश्न विचारला, की "दादा माझ्याकडे डीएमआरची हँडी आहे, हिच्यावरून सॅटेलाइट लागेल का?" हँडी म्हणजे हातातला वायरलेस सेट, आणि डीएमआर म्हणजे त्यावर आवाज डिजिटल करून पाठवायची एक पद्धत, म्हणजेच मोड. आता सरळ नाही म्हटलं की समोरचा खट्टू होतो आणि हो म्हटलं तर महिनाभर गच्चीवर हात वर करून उभा राहतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. सॅटेलाइटवरून डिजिटल व्हॉइस होतं, मस्त होतं, पण कुठला मोड चालणार हे तुमच्या रिगवर म्हणजे रेडिओ सेटवर नाही, वरती सॅटेलाइटमध्ये सिग्नल परत पाठवणारा कसला पाईप आहे त्यावर ठरतं.

वर दोन प्रकारचे पाईप आहेत. एक एफएम रिपीटरवाले. म्हणजे वर अक्षरशः एक एफएम रेडिओ बसलाय, तो तुमचं सिग्नल ऐकतो, त्याचा आवाज करतो आणि तो आवाज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवतो. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवरचा रिपीटर असाच आहे, १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसकट (हा बारीक सूर आला तरच रिपीटर उघडतो) बोलायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं. आता गंमत अशी की डीएमआर, डी-स्टार, सी४एफएम या मोडमध्ये तुमची हँडी तो टोन पाठवतच नाही, मग वरचं दारच उघडत नाही. आणि समजा एखाद्या सॅटेलाइटला टोन लागत नसेल तरी मधे आवाजाचे फिल्टर आहेत, ते तुमच्या डेटाचा चिवडा करतात. अशक्य आहे असं नाही हं, २००७ मध्ये अमेरिकेत एओ-२७ या सॅटेलाइटवरून डी-स्टारने दोन हॅम बोलले होते, आणि तेव्हाही डॉप्लरने, म्हणजे सॅटेलाइटच्या वेगामुळे सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीने, त्रास दिलाच होता. बेल्जियममधल्या लिएज युनिव्हर्सिटीच्या पोरांनी तर खास डी-स्टार रिपीटर बसवलेला ऊफ्ती-१ नावाचा छोटा क्यूबसॅट बनवला, तो २०१६ च्या एप्रिलमध्ये वर गेला, पण आज तुम्ही आम्ही वापरावा असा तो राहिलेला नाही.

दुसरा प्रकार लिनियर ट्रान्सपाँडरचा. हा खरा आपल्या कामाचा. हा काहीही समजून घेत नाही, बँडचा एक तुकडा उचलतो आणि जसाच्या तसा दुसऱ्या बँडवर सरकवून खाली सोडतो, त्यात तुम्ही मोर्स टाका, एसएसबी (साधा आवाज अरुंद पट्टीत पाठवायची पद्धत) टाका नाहीतर डिजिटल टाका, त्याला फरक पडत नाही. आपला स्वतःचा हॅमसॅट म्हणजे व्हीओ-५२ असाच होता, ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ वरून गेला आणि २०१४ च्या जुलैपर्यंत चालला.

मग लिनियरवर डीएमआर का नको? कारण रुंदी. आरएस-४४ या लिनियर सॅटेलाइटची अख्खी खिडकी ६० किलोहर्ट्झची आहे, त्यात तुमचा १२.५ किलोहर्ट्झचा डीएमआर बसवला की पाचवा हिस्सा तुम्ही एकट्याने खाल्ला, आणि वर तो फुल पॉवरचा कॅरिअर, म्हणजे बाकी सगळ्यांचा आवाज खाली दबणार. लग्नाच्या पंगतीत एकट्यानेच अख्खं बासुंदीचं पातेलं ओढून घेतल्यासारखं ते. शिवाय डीएमआर रिपीटरचं काम ३० मिलिसेकंदांच्या स्लॉटवर चालतं, त्यात मोकळी जागा जेमतेम अडीच मिलिसेकंदांची, आणि हजार किलोमीटरवर सिग्नल पोचायलाच तीन मिलिसेकंदांच्या वर लागतात. जमिनीसाठी बनवलेली वस्तू आहे ती, तिचा दोष नाही.

म्हणून इथे फ्रीडीव्ही, म्हणजे अरुंद जागेत बसणारा डिजिटल आवाज आणि त्याचं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी कोडेक २ नावाचा ओपन सोर्स व्हॉइस कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत दाबून परत उलगडणारा प्रोग्राम, बनवला, त्यावर हे उभं आहे. डीएमआर किंवा डी-स्टारमधला एएमबीई कोडेक मालकीचा, त्यासाठी सहसा वेगळी चिप लागते, इथे तसलं काही नाही, कॉम्प्युटर आणि साउंडकार्ड पुरे. सिग्नलची रुंदी साधारण एक ते दीड किलोहर्ट्झ, म्हणजे एसएसबीपेक्षाही कमी. मोड बरेच आहेत पण तुम्हाला सुरुवातीला चारच लक्षात ठेवायचेत. १६०० हा जुना, पटकन पकडतो पण जरा दणकट सिग्नल मागतो. ७००डी अगदी कमजोर सिग्नलमध्येही चालतो, गोंगाट सिग्नलपेक्षा दोनेक डीबी जास्त असला तरी, पण पकडायला वेळ घेतो. ७००ई त्याचाच चपळ भाऊ, थोडा जास्त सिग्नल लागतो पण लवकर सिंक होतो, म्हणजे समोरच्या सिग्नलशी ताल जुळवतो. आणि नवीन आलाय तो राडे, त्यात मशीन लर्निंग वापरलंय, आवाज ऐकलात तर विश्वास बसणार नाही, ७०० वाल्यांचा आवाज जरा डब्यात बोलल्यासारखा येतो तसा हा येत नाही, कॉम्प्युटर मात्र थोडा बरा लागतो.

आता शिकायचं कुठे, तर क्यूओ-१०० या सॅटेलाइटवर, यावर माझं मत एकदम पक्कं आहे. हा म्हणजे कतारचा एस'हेल-२, १५ नोव्हेंबर २०१८ ला वर गेला, पूर्वेला साधारण २६ अंशांवर भूस्थिर आहे. भूस्थिर म्हणजे हलत नाही, पास म्हणजे उगवून मावळण्याची फेरी नाही, डॉप्लर जवळजवळ नाही, दिवसभर तिथेच. आणि तो महाराष्ट्रातून दिसतो! लोकांना वाटतं की तो युरोप-आफ्रिकेसाठीच, तर तसं नाहीये, ब्राझीलपासून थायलंडपर्यंत त्याची सावली पडते.

पण डिश घ्यायच्या आधी फुकटात ऐका. इंग्लंडमध्ये गूनहिली अर्थ स्टेशनवर एक वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) लावलाय, ब्राउझरमध्ये उघडतो, त्यावर क्यूओ-१०० चा नॅरोबँडचा (अरुंद सिग्नलांचा) अख्खा पट्टा दिसतो. कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल ऑडिओ केबलचं सॉफ्टवेअर टाका, ब्राउझरचा आवाज त्यात सोडा, फ्रीडीव्हीच्या सेटिंगमध्ये रेडिओकडून येणारा आवाज म्हणून तीच केबल निवडा, स्पीकरला हेडफोन निवडा, स्टार्ट दाबा. मोड यूएसबी (म्हणजे अपर साइडबँड, एसएसबीचाच एक प्रकार, केबलचा यूएसबी नव्हे). डिजिटलसाठी ठेवलेला पट्टा १०४८९.५८० ते १०४८९.६५० मेगाहर्ट्झ आहे, तिथे शोधा, धबधब्यावर (स्क्रीनवर सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) एसएसबी विस्कटलेली दिसते आणि फ्रीडीव्ही म्हणजे कडा कापल्यासारखी सरळ पट्टी दिसते, डोळ्याला लगेच कळायला लागतं. कोण कुठे चालू आहे हे फ्रीडीव्ही रिपोर्टरवर दिसतं, सॉफ्टवेअरमधूनच उघडता येतं. सिंकचा दिवा हिरवा झाला आणि त्या घरघरीतून एकदम माणसाचा आवाज बाहेर आला की जी मजा येते ना, ती मी सांगून उपयोग नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो. मी पहिल्या तीन संध्याकाळी काहीच डिकोड करू शकलो नाही. पट्टी समोर दिसतेय, मजबूत आहे, आणि दिवा लाल तो लालच. केबल बदलली, सॉफ्टवेअर परत टाकलं, बायकोने विचारलं पण की नक्की काय दुरुस्त करताय. शेवटी कळलं की मी एसएसबी ऐकताना सवयीने नॉइज रिडक्शन चालू ठेवलं होतं. त्याला फ्रीडीव्ही म्हणजे निव्वळ गोंगाटच वाटतो, तो इमानदारीने पुसून टाकत होता. तर नॉइज रिडक्शन बंद, नॉइज ब्लँकर बंद, नॉच बंद, फिल्टर रुंद म्हणजे पूर्ण २.७ किलोहर्ट्झ. रिग असो, एसडीआर (कॉम्प्युटरवर चालणारा रेडिओ) असो नाहीतर वेबएसडीआर, नियम हाच.

आता स्वतःची छत्री. डीटीएचची ६० सेंमीची जुनी छत्री ऐकायला चालते, ९० ची मिळाली तर फारच छान. फ्री डिशवाला जीसॅट-१५ आपल्याला आग्नेयेला दिसतो, क्यूओ-१०० दुसऱ्या बाजूला, पश्चिमेकडे आणि किंचित नैऋत्येला. मुंबई-पुण्याहून दिशा उत्तरेपासून साधारण २५३ अंश आणि उंची ३३ अंशांच्या आसपास, नागपूरहून २५५ आणि २६. म्हणजे पश्चिमेची गच्ची किंवा खिडकी मोकळी हवी, समोर टॉवर असला तर विषय संपला. ऑफसेट छत्री असेल तर तिचं तोंड बघून फसू नका, ती जवळजवळ उभी दिसते तेव्हाच ३३ अंशांकडे बघत असते.

आणि एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही: एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, फिरवावा लागतो. डाउनलिंक (खाली येणारं सिग्नल) व्हर्टिकल म्हणजे उभ्या पोलरायझेशनचं आहे, पण ते उभेपण सॅटेलाइटच्या हिशोबाने, आणि तो आपल्या इतका पश्चिमेला आहे की मुंबईहून बघताना ते सुमारे ६५ अंश कललेलं येतं. युरोपातले व्हिडिओ बघून एलएनबी सरळ लावलात तर सात-आठ डीबी हवेत गेले समजा, मग म्हणाल की भारतात सिग्नलच नाही. एलएनबी सैल करून सावकाश फिरवत जा आणि बीकन (सॅटेलाइटवरचं सतत चालणारं खुणेचं सिग्नल) कुठे सगळ्यात उंच येतो ते बघून आवळा.

एलएनबी पीएलएल वालाच घ्या, त्याची फ्रिक्वेन्सी जास्त स्थिर असते, जुने डीआरओ वाले ऊन लागलं की कुठल्या कुठे सरकतात. ९७५० च्या ऑसिलेटरने १०४८९.७५० चा बीकन ७३९.७५० वर येतो, म्हणजे साधा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर, पुरे. एलएनबीला व्हर्टिकलसाठी १२ ते १४ व्होल्ट लागतात, डोंगलच्या आतला बायस टी (केबलमधूनच वीज देणारी सोय) तेवढे देत नाही, वेगळा पॉवर इन्सर्टर लावा, आणि ते व्होल्ट डोंगलकडे जाणार नाहीत याची खात्री मीटरने करा, नुसती पाकिटावर वाचून नको. माझ्या एका मित्राचा डोंगल असाच गेला, वास अजून आठवतो.

पीएलएल असला तरी तो थोडा सरकतोच, ढग आला, वारा आला की शंभर-दोनशे हर्ट्झ इकडे तिकडे. एसएसबीत ते चालून जातं, आवाज जरा घोगरा होतो इतकंच. पण ७००डी ला तुम्ही ६० हर्ट्झच्या आत असावं लागतं, नाहीतर तो पकडतच नाही. उपाय सोपा आहे, एसडीआर कन्सोल या सॉफ्टवेअरमध्ये भूस्थिर बीकनला लॉक करायची सोय आहे, १०४८९.७५० वरच्या मधल्या बीकनला ते चिकटून राहतं आणि सगळा पट्टा आपोआप जागेवर ठेवतं. हे एकदा लावलं की निम्मी डोकेदुखी गेली. खरं सांगायचं तर डिजिटल व्हॉइससाठी पॉवर वाढवण्यापेक्षा फ्रिक्वेन्सी जागेवर ठेवणं शंभरपट महत्त्वाचं, आणि आपल्याकडे सगळे आधी ॲम्प्लिफायर विकत घेतात.

पाठवायचं म्हणाल तर आधी आपलं लायसन्स काढा आणि त्याच्या परिशिष्टात कुठले बँड दिलेत ते ओळीने वाचा. क्यूओ-१०० चं अपलिंक (वर पाठवायचं सिग्नल) २४००.००० ते २४००.५०० मेगाहर्ट्झवर आहे, तुमच्या कागदावर तो पट्टा नसेल तर फक्त ऐका, विषय तिथेच थांबवा, त्यात लाजायचं काही नाही. दुबई-अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींनी तिथले नियम बघावेत. तर ज्यांना परवानगी आहे त्यांच्यासाठी: ६० ते ९० सेंमीची छत्री आणि पाच-दहा वॉट भरपूर होतात. सॅटेलाइटला उजवं सर्क्युलर पोलरायझेशन, म्हणजे उजवीकडे गोल फिरणारी लहर, लागतं, पण छत्रीवर आपटून ते उलटं होतं, म्हणून फीड, म्हणजे छत्रीसमोरची छोटी अँटेना, डावं हवं. ही चूक केलीत तर सगळं बरोबर असून वर काहीच पोचत नाही.

फ्रीडीव्हीचं सिग्नल म्हणजे बऱ्याच छोट्या कॅरिअरची बेरीज, त्यामुळे त्यात मधेच उंच टोकं येतात. रिगवरचा स्पीच प्रोसेसर बंद, कॉम्प्रेसर बंद, एएलसीचा (जास्त झालेली लेव्हल आपोआप दाबणाऱ्या सोयीचा) काटा हलता कामा नये, हलायला लागला की ऑडिओ लेव्हल खाली आणा. ॲम्प्लिफायर १० वॉटचा असेल तर सरासरी तीन-चार वॉटवर ठेवा, दाबून चालवलात तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना झालर फुटते आणि समोरच्याला डिकोड होत नाही. आणि बीकनपेक्षा मोठं कधीच जायचं नाही. तिथे लैला नावाची यंत्रणा आहे, नाव गोड आहे पण कोणी जास्त जोरात गेला की ती त्याच्या फ्रिक्वेन्सीवर सायरन वाजवते आणि अख्ख्या तीन खंडांसमोर शोभा होते.

इथे दोन्ही बाजूंना यूएसबीच, आणि फुल डुप्लेक्स सक्तीचं, म्हणजे बोलता बोलता स्वतःचं सिग्नल खाली ऐकायचं. फ्रीडीव्हीच्या ऑप्शनमध्ये हाफ डुप्लेक्सची टिक काढा. नुसतं वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, त्यात कोडेकचा उशीर, त्यामुळे स्वतःचाच आवाज मागून येतो आणि माणूस आपोआप हळूहळू बोलायला लागतो. मी आवाज बंद ठेवतो आणि नुसता सिंकचा दिवा आणि सिग्नलचा आकडा बघतो. आणि हो, २४०० म्हणजे घरच्या वायफायच्या पहिल्या चॅनलला खेटूनच आहे. पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की आमच्याकडे हॉलमधून ओरडा येतो, मालिकेच्या ऐन वेळी. राउटर पाच गिगाहर्ट्झवर टाका, घरात शांतता राहते.

ज्यांच्याकडे २४०० नाही त्यांच्यासाठी फिरते सॅटेलाइट आहेत, आणि महाराष्ट्रातून खरं तर हेच जास्त जणांना जमेल. आरएस-४४ घ्या, २६ डिसेंबर २०१९ ला गेलेला, बाराशे-पंधराशे किलोमीटर उंचीवर, त्यामुळे पास लांबलचक मिळतो. अपलिंक १४५.९३५ ते १४५.९९५, डाउनलिंक ४३५.६१० ते ४३५.६७०, बीकन ४३५.६०५. हे दोन्ही आपल्या नेहमीच्या दोन मीटर आणि सत्तर सेंमीमध्ये येतं. हा इन्व्हर्टिंग आहे, म्हणजे वर जे उजवीकडे ते खाली डावीकडे, म्हणून पाठवताना एलएसबी (लोअर साइडबँड) आणि ऐकताना यूएसबी. आवाजाच्या एसएसबीत हे चुकलं तर लगेच कळतं, फ्रीडीव्हीत चुकलं तर पट्टी अगदी देखणी दिसते, फक्त ती उलटी असते आणि सिंक जन्मात होत नाही.

इथला शत्रू डॉप्लर. इन्व्हर्टिंग असल्यामुळे अपलिंकचा डॉप्लर डाउनलिंकमधून वजा होतो हे आपलं नशीब, तरी सॅटेलाइट डोक्यावरून जाताना सेकंदाला तीस-पस्तीस हर्ट्झने फ्रिक्वेन्सी पळते. हाताने बटण फिरवून हे होणार नाही, जीप्रेडिक्टसारखं सॉफ्टवेअर दोन्ही रिगला जोडा आणि दोन्ही बाजू अशा दुरुस्त करा की सॅटेलाइटपाशी तुमची फ्रिक्वेन्सी स्थिर राहील. पण त्यातही मेख आहे, रिग उड्या मारत बदलते, दर सेकंदाला तीस हर्ट्झची उडी बसली की फ्रीडीव्हीचा सिंक तुटतो, आवाज अर्ध्या शब्दात गायब. म्हणून रेडिओ कंट्रोलची सायकल एक सेकंदावरून शक्य तितकी खाली आणा, म्हणजे उड्या छोट्या होतात. ऐकायला एसडीआर वापरलात तर अजून बरं.

आणि माझा स्वतःचा अनुभव असा की डोक्यावरचा पास बघून हुरळून जाऊ नये. सगळ्यांना ८० अंशांचा पास हवा असतो, पण डिजिटलला २०-२५ अंशांचा आडवा पासच जास्त मानवतो, तिथे फ्रिक्वेन्सी सावकाश बदलते. अँटेना मात्र यागीच हवी, जुन्या टीव्हीच्या गच्चीवरच्या अँटेनासारखी, हँडीच्या रबरी शेपटीने हे काम होणार नाही. मोड इथे ७००ई किंवा १६००. ७००डी सिंक होईस्तोवर उडी येते, परत सिंक, परत उडी, असा खेळ चालतो. राडे आणि ७००डी क्यूओ-१०० साठी ठेवा.

कोकणात किंवा गोव्यात असाल तर इंडोनेशियाचा आयओ-८६ दक्षिणेला खाली क्षितिजाजवळून दिवसातून बऱ्याच वेळा जाताना मिळेल, २०१५ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीने सोडलेला, पण तो एफएमवाला आहे, त्यावर साधा आवाजच बोला.

शेवटचं, पहिला क्यूएसओ म्हणजे हवेतलं बोलणं कसं करायचं ते. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर एकदम फ्रीडीव्ही सुरू केलंत तर बाकीच्यांना नुसती घरघर ऐकू येते आणि कोणीतरी त्यावरच येऊन बसतो. आधी कोणाशी तरी एसएसबीवर बोला, सिग्नल चांगला आहे बघा, मग सांगा की आता ७००ई वर जातोय, डायल हलवू नको. पीटीटी दाबल्यावर दोन सेकंद गप्प रहा, सिंक व्हायला वेळ द्या, नाहीतर तुमचा कॉलसाइनच (लायसन्सवरचं ओळखीचं नाव) कापला जातो. कॉलसाइन सॉफ्टवेअरमधल्या टेक्स्टच्या खान्यातही भरून ठेवा, आवाज नीट आला नाही तरी समोरच्याच्या स्क्रीनवर तो दिसतो. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर हट्ट करू नका, परत एसएसबीवर या आणि विचारा की पट्टी दिसली का, दिवा हिरवा झाला का, नॉइज रिडक्शन चालू आहे का. दहातल्या सात वेळा ते चालूच असतं.